यंदाचा मानकरी

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत. घाटकोपर पश्चिमेला भटवाडीच्या चढावर कबड्डी मंडळाचं ऑफिस आहे. दहा बाय बाराची खोली आणि पुढे पत्र्याची शेड, एवढाच कारभार. दारात चपला-बुटांचा ढीग पडलाय आणि त्यात भर पडतेच आहे. जून उजाडलाय, पण पाऊस अजून नुसता भुरभुरून जातो. मैदानातली मॅट गुंडाळून आत आणून ठेवलीय आणि तिच्या वळकट्यांवरच पोरं बसलीत. कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं प्लायवूड उभं आहे, त्यामागे कॅरमबोर्ड.

भिंतीवर शिवाजी महाराज, शेजारी कबड्डीमहर्षी बुवा साळवी आणि खाली वर्तमानपत्रातलं एक पिवळं पडलेलं कात्रण. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, त्या दिवसाचं. कर्णधार रिशांक देवाडिगा, आपल्या मुंबईचाच पोरगा. कात्रणाला लावलेली चिकटपट्टी सुटत आलीय, पण ते काढायची कुणाची हिंमत नाही.

आजचा विषय एकच आहे, यंदाच्या मोसमातला मंडळाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. चषक, ट्रॅकसूट आणि एका दुकानदाराने कबूल केलेली थोडी रोख रक्कम. मोठ्या स्पर्धांत मालिकावीराला फ्रिज मिळतो, कधी मोटारसायकलही मिळते. त्यापुढे हे काहीच नाही. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठीही हा चषक उपयोगाचा नाही, तिथे राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरची कामगिरी लागते. तरीही खोली भरलीय. शेडमध्ये कुमार गटाची पोरं खिडकीच्या गजांना लटकून आत बघतायत.

टेबलामागे तिघं बसलेत. अध्यक्ष काका बेस्टमधून निवृत्त झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी. मास्तर, म्हणजे प्रशिक्षक, ज्यांनी या खोलीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी मैदानाला वीस चकरा मारायला लावल्यात. आणि चिटणीस, ज्यांच्या पुढ्यात लाल पुठ्ठ्याची लांबट वही आहे.

मुलींच्या संघाचं आधी घेतात. पाच मिनिटंही लागत नाहीत. काका विचारतात, "बोला, कोण?" आणि सगळ्या एकदम कर्णधाराकडे बघतात. "ताई सोडून आहे कोण, काका?" एक जण म्हणते. ताई मान खाली घालून मोबाइलचं कव्हर काढते-घालते. चिटणीस नाव लिहितात. कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रेला 2015 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून उपनगरात मुलींच्या सामन्यांना बघे वाढले असं काका सांगायला लागतात, पण मुलींना शेअर रिक्षा गाठायचीय. त्या उठतात. त्यांच्यातही बोलण्यासारखं काही असेल, पण घड्याळ त्यांना बोलू देत नाही.

आता मुलांचं. चिटणीस वही उघडतात. दर सामन्याला दोन पानं. आकड्यांची ओळ छापलेली, मिळालेल्या गुणावर तिरकी रेघ, बोनस असेल तर त्रिकोण, लोण असेल तर चौकोन. खाली प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर चढाईचे गुण आणि पकडीचे गुण. मोसमाची बेरीज त्यांनी शेवटच्या पानावर करून आणलीय.

"चढाईत पहिला सात नंबर," ते वाचतात. "दुसऱ्यापेक्षा दुप्पट. एकूण गुणांतही तोच पहिला."

मॅटच्या वळकटीवर बसलेला सात नंबर हसत नाही. काळासावळा, सडपातळ, डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज. कुरिअरचा टी-शर्ट अजून अंगातच आहे, कामावरून सरळ इकडे आलाय. शेजारच्या पोराने त्याच्या पाठीत थाप मारली तरी तो तसाच.

"मग प्रश्नच मिटला," काका म्हणतात. "पॉइंट बोलतायत. लोक कुणाला बघायला येतात? यालाच. बोरिवलीला एका रेडमध्ये चार जणांना घेऊन परत आला, लोण चढवला. माझ्या शेजारी बसलेले समोरच्या टीमचे लोक टाळ्या वाजवत होते."

कुणीच काही बोलत नाही. पण ती होकाराची शांतता नाही, हे काकांनाही कळतं. मग उजव्या कोपऱ्याला खेळणारा कर्णधार घसा खाकरतो.

"काका, तुमचं बरोबर आहे. पण आपण सामने जिंकले ते डाव्या कव्हरमुळे."

डावा कव्हर भिंतीला टेकून उभा आहे. बुटका, रुंद खांद्यांचा. हात मागे बांधलेत. बांधलेलेच राहतात.

"त्याचे पॉइंट बघ की," काका चिटणीसांकडे बोट करतात. चिटणीस बघतात. पकडीत कव्हर तिसरा आहे. डावा कोपरा त्याच्या पुढे, कर्णधारही पुढे.

"वहीत नाही दिसायचं ते," मास्तर म्हणतात आणि उठतात.

टेबल मागे सरकवलं जातं. मास्तर पँट दोनदा दुमडतात, चार पोरांना उभं करतात आणि फरशीवर खडूने तीन रेघा ओढतात. ही बाजूची शेवटची रेघ. तिच्या आत एक मीटरवर लॉबीची रेघ. ही बॉक लाइन. मुलुंडचा उपांत्य सामना पुन्हा उभा राहतो. बरोबरी होती, शेवटचं मिनिट चालू होतं. आपले तीनच मैदानात आणि समोरच्यांची, दोन रिकाम्या गेल्यावरची, तिसरी चढाई. म्हणजे गुण घेतल्याशिवाय परत गेला तर तो बाद.

"तू रेडर," मास्तर एकाला म्हणतात. "आता ये. डावीकडे ये. तो डावीकडेच येणार, कारण कोपऱ्याचा पाय पुढे आहे. पाय पुढे का? मी सांगितलं म्हणून. आमिष आहे ते."

रेडर झालेला पोरगा "कबड्डी, कबड्डी" म्हणत पुढे सरकतो. कोपरा पाय मागे घेतो. "आता सगळे काय करतात? झेप घेतात. घोट्याला हात घालतात. सुटला तर दोघं गेले." मास्तर डाव्या कव्हरला ओढून जागेवर उभं करतात. "याने काय केलं? दाखव."

कव्हर एक पाऊल पुढे टाकतो. मग अर्धं. हात पसरलेले, बोटं उघडी, कुणाला लागत नाहीत. रेडर वळायला बघतो तर परतीची वाट बंद. तो आणखी बाहेर सरकतो. कव्हर अजून अर्धं पाऊल. त्याची नजर रेडरच्या पोटावर आहे, पायांवर नाही, तोंडावर नाही. मी टेबलाच्या कडेने वाकून बघतोय. त्याची करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलीय, मधल्या पेराला गाठ आलीय, अंगठ्याचं नख अर्धं काळं पडलंय. ते हात दहा इंचांवर येऊन थांबतात आणि तिथेच राहतात. रेडरची टाच खडूच्या रेघेवरून पलीकडे पडते.

"लॉबीत गेला!" खिडकीतून कुमार पोरं ओरडतात.

"आणि स्पर्श झाला होता का?" मास्तर विचारतात.

"नाही!"

"मग लॉबी उघडलीच नाही. रेडर बाद. गुण आपला, सामना आपला." मास्तर टेबलाकडे वळतात. "चिटणीस, तो गुण कुणाच्या नावावर आहे?"

चिटणीस पान शोधतात. बोट खाली आणतात. तिरकी रेघ आहे, संघाचा गुण वाढलाय. खाली खेळाडूंच्या रकान्यात काही नाही. "कुणाच्याच नाही," ते म्हणतात. "हात लावला नाही ना. कुणाचं नाव लिहिणार?"

हे दृश्य बघायलाच मी आलो होतो असं आता वाटतं. कबड्डीत पकडीचा गुण ज्याने पहिला हात घातला त्याचा. मागून साखळी करून आलेले, मांडी धरणारे, रेडरला पुरता आडवा करणारे, त्यांच्या नावावर शून्य. आणि रेडर रिकाम्या हाताने परत गेला तर तिथे रेघसुद्धा नाही. ज्याच्या धाकाने तो परत गेला त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

"टीव्हीवर पण रेडरलाच देतात," वळकटीवरून एकाचा आवाज.

"सगळीकडे नाही," दुसरा लगेच तुटून पडतो. आता ऑफिसात प्रो कबड्डीचे दहा-अकरा हंगाम तोंडपाठ असणारे सगळे एकाच वेळी बोलायला लागतात. पहिल्या हंगामात, 2014 ला, यू मुम्बाचा अनुप कुमार. यू मुम्बा अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली, तरी मोसमाचा मौल्यवान खेळाडू अनुपच. 2015 ला यू मुम्बाने वरळीच्या डोममध्ये बेंगळुरूला 36-30 ने हरवलं, पण तो मान गेला हरलेल्या बेंगळुरूच्या मनजीत छिल्लरला, जो दोन्ही बाजूंनी खेळायचा. मधली बरीच वर्षं चढाईपटूंची, परदीप नरवाल, पवन सेहरावत, नवीन कुमार. मग 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटण विजेती झाली तेव्हा नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. नगर जिल्ह्याचं नाव येताच दोघं-तिघं शिट्ट्या मारतात.

"अस्लम रेडरच आहे ना?"

"पकडी पण करतो तो! आणि शादलुई? शादलुई कोण आहे, रेडर की बचावपटू?"

"शादलुई इराणी आहे," काका म्हणतात. खोली हसते.

चहा येतो. कटिंगचे ग्लास मॅटवर ठेवू नका म्हणून मास्तर ओरडतात. वाद तिथल्या तिथे फिरायला लागलाय. काका म्हणतात, एकटा माणूस सात जणांत शिरतो, तीस सेकंद दम धरतो, तिथे साखळी नाही, कुणाचा हात हातात नाही. हेही खरंच आहे. कर्णधार म्हणतो, मागची फळी टिकली म्हणून तो पुढे जाऊन जुगार खेळू शकतो. हेही खरं. मग मागे बसलेला एक उजवा कव्हर, जो एरवी बोलत नाही असं म्हणतात, फोन वर करून म्हणतो, "सर, मतदान घेऊ या का? रग्बीत घेतात तसं."

रग्बी म्हटल्यावर हशा पिकतो. पण पोरगा हटत नाही. 2025 च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, ती बघायला तो मित्राबरोबर गेला होता. ती सात-सात जणांची रग्बी. तिथून त्याला नाद लागला आणि फोनवर तो ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग बघायला लागला. तेरा जणांचा संघ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्या फळीने धरायचं, पाडायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांचा. "आपलंच आहे सर, फक्त चेंडू आहे." तिकडे वर्षाच्या खेळाडूला डॅली एम पदक देतात. प्रत्येक सामन्यानंतर परीक्षक तीन, दोन, एक अशी मतं टाकतात. मोसमाच्या उत्तरार्धात मोजणी गुपित ठेवतात आणि शेवटच्या रात्री एकेक करून उघडतात.

मास्तरांना कल्पना आवडते, पण परीक्षक कोण? "आपणच," ते म्हणतात. "बारा जणांचा संघ, बारा चिठ्ठ्या. प्रत्येकाने तीन नावं लिहायची. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. स्वतःचं नाव लिहिलं तर चिठ्ठी फाडून टाकीन."

पेनं दोनच आहेत. चिठ्ठ्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानाच्या. पोरं एकमेकांकडे पाठ करून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितात. डाव्या कव्हरला पेन धरताना बांधलेली बोटं आड येतात, तो मूठ करून धरतो. कुमार पोरं खिडकीतून डोकावतात तेव्हा कर्णधार पडदा ओढून घेतो. चिठ्ठ्या विजेतेपदाच्या चषकात गोळा होतात. त्यासाठी कपाटावरचा सर्वांत मोठा चषक खाली काढलाय आणि त्यातून आधी दोन नॅप्थलिनच्या गोळ्या आणि सेफ्टी पिना काढाव्या लागतात.

चिटणीस वाचतात, काका फळ्यावर लिहितात.

पहिल्या चार चिठ्ठ्यांत सात नंबर पुढे आहे. काका वळून मास्तरांकडे बघतात, म्हणजे बघितलं का असं. पण प्रत्येक चिठ्ठीत दुसरं नाव डाव्या कव्हरचं. मग दोन चिठ्ठ्यांत कव्हर पहिला, त्यातल्या एकीत सात नंबर नाही. आठव्या चिठ्ठीत कव्हर पहिला, कर्णधार दुसरा, उजवा कोपरा बदलून खेळणारा एक पोरगा तिसरा. सात नंबरचं नावच नाही. चिटणीस चिठ्ठी उलटी करून बघतात. दहाव्या चिठ्ठीतही तसंच.

आता खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही. एक चिठ्ठी त्याची स्वतःची असणार, ती सोडून दोघांनी त्याला तीनांतही धरलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. सात नंबर सरावाला येत नाही. आठवड्यातून दोनदा आला तर आला. सामन्याला मात्र थेट उतरतो आणि पहिली चढाई त्याचीच. रोज वेळेवर येऊन दंड-बैठका काढणाऱ्यांना ते खुपणारच.

पण मला त्या दोघांना कोपऱ्यात घेऊन ज्या रग्बी लीगची पद्धत आज उसनी घेतलीय, तिचा जन्म कसा झाला ते सांगावंसं वाटतं. इंग्लंडच्या उत्तरेला गिरण्यांत आणि खाणींत राबणारे लोक रग्बी खेळत. शनिवारी खेळायला गेलं की रोज बुडायचा. क्लब म्हणाले, बुडालेल्या मजुरीपुरते पैसे तरी देऊ. लंडनमधल्या साहेबी संघटनेने नाही म्हटलं, हौशी खेळात पैसा कसला! 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि फुटून निघाले. अख्खा खेळ वेगळा झाला तो बुडालेल्या पाळीच्या पैशांवरून. लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डी ज्यांनी वाढवली तेही पाळी सांभाळूनच खेळत होते. रेल्वे, बँका, पोलीस, पोर्ट ट्रस्ट यांनी पुढे खेळाडूंना नोकऱ्या दिल्या तेव्हा कुठे त्यांना सरावाची सवड मिळाली. सात नंबरच्या मागे असं कुणी नाही. त्याचं पार्सल संध्याकाळी सात ते नऊ या वेळातच जास्त असतं, कारण लोक तेव्हाच घरी सापडतात. सराव असतो साडेसातला.

हे मी बोलत नाही. मंडळाच्या बैठकीत पाहुण्याने तोंड उघडायचं नसतं.

बारावी चिठ्ठी संपते. काका बेरीज करतात, खोडतात, पुन्हा करतात. मग चिटणीसांना करायला लावतात.

सात नंबर : चोवीस. डावा कव्हर : सव्वीस.

"पण पहिल्या नंबरची मतं तर याला जास्त!" काकांचं बरोबर आहे. सात जणांनी सात नंबरला पहिलं ठेवलंय, कव्हरला चौघांनीच. उरलेलं एक पहिलं मत कर्णधाराला. फक्त पहिलं नाव मागितलं असतं तर निकाल उलटा लागला असता. पण कव्हर त्याची स्वतःची सोडून अकराच्या अकरा चिठ्ठ्यांत आहे आणि एकदाही दुसऱ्याच्या खाली नाही.

"पद्धत आधी ठरली होती," मास्तर म्हणतात. "आता बदलायची नाही."

काका क्षणभर खडू हातात फिरवतात. त्यांचा जीव सात नंबरवर आहे, हे लपत नाही. मग ते फळ्यावर कव्हरच्या नावाभोवती गोल करतात. टाळ्या पडतात, खिडकीबाहेरच्या जास्त जोरात. कव्हर हात मागचे पुढे घेतो आणि कुठे ठेवावेत हे न कळून पुन्हा मागे नेतो. सात नंबर उठून त्याच्या मानेला विळखा घालतो, थेट बॅक होल्ड, आणि दोघं मखराच्या प्लायवूडवर आदळतात. "मोडा, मोडा! गणपतीला काय ठेवू मग?" चिटणीस ओरडतात.

निकाल मला पटला. माझ्याजवळ चिठ्ठी असती तर मीही कव्हरलाच तीन दिले असते, पण सात नंबरला दोन देऊन. तीन-दोन-एकच्या हिशेबात एक गोम आहे, कुणाच्याच डोळ्यात न सलणारा माणूस तिथे पुढे निघतो. इथे तसं झालं नाही, एवढंच. मुलुंडचं ते अर्धं पाऊल बाराही जणांनी मैदानातून किंवा राखीव बाकावरून पाहिलेलं आहे, आणि वहीने ते पाहिलेलं नाही. असा मान द्यायचा तर तो साखळीत उभं राहिलेल्यांनीच द्यावा. बेरजेसाठी सर्वोत्कृष्ट चढाईपटूचं वेगळं बक्षीस आहेच, ते वादाशिवाय सात नंबरला जातं.

घड्याळात अकरा. चिटणीस इतिवृत्त लिहून काढतात आणि उभ्यानेच वाचतात. बक्षीस समारंभ 15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, म्हणजे कबड्डी दिनी, संध्याकाळी सात वाजता, पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये. चषकावर नाव कोरून घ्यायचं काम कर्णधाराकडे. मास्तर हात वर करतात. त्यांना आणखी एक ठराव घालायचाय. नव्या मोसमात सोमवारी आणि गुरुवारी सरावाची वेळ साडेसातऐवजी साडेनऊ. "ज्यांना झोप येते त्यांनी दुपारी झोपावं," ते म्हणतात. दोघं कुरकुरतात, कोण ते दिव्याखाली सगळ्यांना दिसतं. कर्णधार अनुमोदन देतो. ठराव मंजूर होतो आणि काका सही करतात.